गारवा आधी कुणाला?

जुन्या पिकअपला एसी बसवून घेतला, असं कुणी सांगितलं की आमच्या राणीसावरगावात अजूनही दोन-चार जण हसतात. 'आता बैलगाडीलाही बसवून घे,' असा शेरा ऐकू येतो. कारला एसी असतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या खासगी बसला एसी असतो, तोही अंगवळणी पडला आहे. पण भाजीपाला, खताची पोती आणि शेळ्या वाहणाऱ्या गाडीत थंड हवा कशाला, हा प्रश्न त्या हसण्यामागे असतो.

मोटार मेकॅनिकचं काम पोरांना शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे या हसण्याकडे मी थोडं मागे वळून बघतो. यंत्राने हवा थंड करण्याची विद्या माणसाला साधली, त्याला आता सव्वाशे वर्षं होत आली. एवढ्या काळात तो गारवा कुणाला आधी मिळाला आणि कुणाला उशिरा, याची एक रांग लागलेली आहे. आपल्या पिकअपचा ड्रायव्हर त्या रांगेत कुठे उभा आहे, एवढंच आज मला सांगायचं आहे.

पत्र्याची पेटी

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातलं गाव. रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ते पंचक्रोशीत ओळखलं जातं. तालुक्याचं गाव गोदावरीच्या काठी आणि आम्ही तिच्या दक्षिणेला, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, हे आपण दरवर्षी बातम्यांत ऐकतो. पण हा आकडा कुठे मोजलेला असतो? वेधशाळेचा तापमापक सावलीत, जमिनीपासून चारेक फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत टांगलेला असतो. हवा खेळती राहावी आणि ऊन लागू नये, म्हणून ती पेटी मुद्दाम तशी केलेली असते.

पिकअपची केबिन म्हणजे नेमकी याच्या उलटी पेटी. वर तापलेला पत्रा, समोर मोठी काच, पायांपुढे एका पत्र्यापलीकडे धगधगणारं इंजिन. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. त्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला वेधशाळेचा आकडा लागू पडत नाही. त्याचा आकडा त्याहून बराच वर असतो.

'काच खाली केली की वारा लागतो,' असं यावर म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर ते खरंही आहे. पण आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असेल, तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४४ अंशांची असेल, तर तोच वारा उष्णता अंगावर आणून ओततो. मग शरीराला वाचवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे घाम. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. त्यासाठी शरीराने पाणी आणि मीठ खर्चत राहायचं. दिवसभरात सात-आठ तास गाडी चालवणाऱ्याने हा खर्च कुठून भरून काढायचा?

वाळा, छागल आणि ओलं पोतं

घाम जे करतो, तेच बाहेरून करण्याची युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. वाळ्याचे पडदे दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडायचं, माठ ओल्या वाळूवर ठेवायचा, अशा साऱ्या गोष्टींमागे तत्त्व एकच. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. जीप आणि ट्रकच्या पुढे कॅनव्हासची छागल लटकलेली असायची, ती माझ्या पिढीने पाहिली आहे. गाडी धावली की वाऱ्याने छागलीचं अंग सुकायचं आणि आतलं पाणी गार व्हायचं. वाहन वेगात असताना त्याच वेगाने गारवा मिळवण्याची ही पहिली सोय. ती पाण्यासाठी होती, पण ड्रायव्हरच्या घशापर्यंत तरी पोचत होती.

हीच कल्पना अमेरिकेच्या वाळवंटी भागातही वापरात होती. तिथे कारच्या खिडकीला बाहेरून एक नळकांडं अडकवत. त्यात पाणी आणि भिजणारं वेष्टण असे. गाडीच्या वेगाने हवा त्यातून आत शिरे आणि थोडी थंड होई. आपल्याकडच्या डेझर्ट कूलरचं ते चालतं-फिरतं भावंडच म्हणायचं.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते, म्हणून ही युक्ती इथे चालते. मुंबईच्या दमट हवेत ती चालत नाही. पण कोरड्या हवेच्या मुलखाची दुसरी बाजू म्हणजे पाणीच नसतं. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. अशा मुलखात केबिन गार ठेवण्यासाठी दर तासाला पोतं भिजवत बसणं परवडणारं नाही. शिवाय पावसाळा संपताना हवेत दमटपणा असतो आणि ऊनही असतं. तेव्हा ओल्या पोत्याचा काही उपयोग होत नाही. गारव्याला यंत्र हवं, ते इथे.

कागद, कोंबड्या आणि मग माणूस

यंत्राची गोष्ट सुरू होते १९०२ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात. हवेतल्या दमटपणामुळे तिथला कागद फुगायचा आणि रंगीत छपाईचे रंग एकावर एक नीट बसायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा काबूत ठेवणारी यंत्रणा आखून दिली. आजच्या एअर कंडिशनिंगचा उगम तिथे मानला जातो. म्हणजे पहिला एसी माणसासाठी नव्हता, तो कागदासाठी होता. छापखान्यातल्या कामगारांना गार वाटलं असेल, तर तो त्यांचा योगायोग.

सुरुवातीच्या शीतयंत्रांत अमोनिया किंवा गंधकाचा वायू वापरत. गळती झाली तर जिवाशी गाठ. १९३० च्या सुमारास थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रेऑन हा वायू पुढे आणला. तो पेट घेत नव्हता, विषारी नव्हता. मग शीतयंत्र घरात आणि गाडीत नेण्याची भीती गेली. १९३९ साली पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने आपल्या पुढच्या वर्षीच्या कारसाठी एसी देऊ केला. थंड हवा सोडणारं खोकं डिकीत असायचं. गंमत अशी, की कॉम्प्रेसर बंद करण्याची सोयच नव्हती. थंडी नको असेल तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बोनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. दोन वर्षांत कंपनीने तो नाद सोडला. १९५४ साली नॅश कंपनीने सगळी यंत्रणा बोनेटखाली आणि डॅशबोर्डमध्ये बसवून दाखवली आणि आज आपण पाहतो ती रचना रूढ झाली.

ट्रकमध्ये मात्र शीतयंत्र याच्या आधीच बसलं होतं. फ्रेडरिक मॅककिन्ली जोन्स हा कृष्णवर्णीय अमेरिकी मिस्त्री. लहानपणीच पोरका झाला, शाळा फारशी शिकला नाही, गॅरेजमध्ये हात काळे करत यंत्रं शिकला. उन्हात अडकलेल्या ट्रकमधल्या कोंबड्यांचं मांस नासलं, त्यावर उपाय शोधायचं काम त्याच्याकडे आलं. १९३८ च्या सुमारास त्याने धक्के सोसणारं, ट्रकवर बसणारं शीतयंत्र तयार केलं. १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि त्यातून थर्मो किंग हे आजही माहीत असलेलं नाव उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांनी औषधं आणि रक्तद्रव्य सुरक्षित ठेवलं. एवढं मोठं काम. पण त्यातला क्रम बघा. ट्रकचा मागचा भाग थंड झाला, पुढचा नाही. आत गारठलेलं मांस आणि पुढे घामाघूम ड्रायव्हर, अशा गाड्या पुढे जगभर कितीतरी वर्षं धावल्या.

आपल्या देशातलं उदाहरण याहून बोलकं आहे. मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्राँटियर मेलला १९३४ पासून थंड हवेचा डबा जोडला जाऊ लागला. डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवत, वाटेतल्या स्टेशनांवर नव्या लाद्या भरत आणि पंख्याने ती गार हवा आत सोडत. आजही एसीची ताकद आपण टनात मोजतो, ती या बर्फाच्याच हिशेबाने. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी शोषणारा तो एक टनाचा एसी. तर त्या गाडीत पहिल्या वर्गाचे साहेब बर्फाच्या हवेत झोपत होते आणि त्यांना ओढून नेणारा इंजिन ड्रायव्हर, फायरमन कोळशाच्या भट्टीसमोर उभे होते.

लाल गाडी, टेम्पो आणि पिकअप

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. आपल्या देशातल्या पहिल्या सरकारी बससेवांपैकी ती एक. तिकडे मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमच्या भागातही एसटीची सत्ता सुरू झाली. ज्यांनी जुन्या एसटीत ड्रायव्हरजवळच्या बाकावर बसून प्रवास केला आहे, त्यांना इंजिनवरचं ते झाकण आठवत असेल. त्यावर हात ठेवता येत नसे आणि ड्रायव्हर त्याला मांडी लावून दिवसभर बसलेला असे.

मालवाहू ट्रकची स्थिती याहून वेगळी नव्हती. कारखान्यातून बहुतेक वेळा नुसती चासी बाहेर पडायची. केबिन आणि हौदा बांधायचं काम गावोगावचे सुतार, लोहार आणि बॉडी बिल्डर करायचे. लाकडी सांगाडा, वर पत्रा, देवाचा फोटो, झालरी, समोर नाव. केबिन सजायची भरपूर, पण तिच्यात उष्णता अडवणारं काही नसायचं. फटी इतक्या, की एसी लावला तरी हवा बाहेर जाणार.

छोट्या मालवाहू गाड्यांची गोष्टही जुनी आहे. १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली. मूळ टेम्पो हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव. ते मराठीत इतकं मुरलं, की पुढे कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी टेम्पोच झाली. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, पुढे पुण्याच्या कारखान्यातून टाटामोबाइल २०६ हा पिकअप आला, महिंद्राच्या जीपची मालवाहू भावंडं आली आणि २००५ मध्ये 'छोटा हत्ती' आला. खेड्यातली बैलगाडी बाजाराच्या रस्त्यावरून हटली, ती या गाड्यांमुळे.

याच काळात कारमधला एसी वेगळ्या वाटेने चालला होता. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा कोलकात्याजवळची अँबॅसडर घ्यायची आणि ज्याला परवडेल त्याने बाहेरून एसी बसवून घ्यायचा, अशी रीत होती. डॅशबोर्डखाली लटकणारं खोकं हे श्रीमंतीचं लक्षण होतं. सरकारच्या लेखी एसी ही चैनीची वस्तू होती आणि तिच्यावर कर जबर होता. १९८३ च्या अखेरीस मारुती आली, १९८५ मध्ये कारचे एसी बनवणारी सुब्रोससारखी कंपनी देशात उभी राहिली आणि कारखान्यातूनच एसी लावून येणाऱ्या कार वाढत गेल्या. बाहेरून एसी बसवण्याची गॅरेजं शहरांत ओस पडू लागली. त्यांच्याकडची विद्या मात्र वाया गेली नाही. ती खेड्यातल्या पिकअपच्या उपयोगी पडली.

मिस्त्रीचं शास्त्र

तीन वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने आपल्या २०११ सालच्या पिकअपला एसी बसवून घेतला. गाडी चांगली, इंजिन दमदार, नवी घ्यायची तर कर्ज. त्याने आधी मला विचारलं, "काका, झेपेल का हिला?" मी म्हणालो, इंजिनला विचारू. नांदेडच्या एका गॅरेजमध्ये दोन दिवस आम्ही मिस्त्रीच्या शेजारी बसून होतो.

त्या मिस्त्रीने पहिल्या दिवशी एसीला हातच लावला नाही. दारांची रबरं बदलली. पेडलच्या भोकांतून, गिअरच्या दांड्याच्या चामड्यातून, वायरिंगच्या छिद्रांतून येणारी इंजिनची धग बंद केली. छताच्या आत आणि पायाखाली उष्णता अडवणारं जाड अस्तर घातलं. "सर, फुटक्या रांजणात किती बी पाणी भरा, राहील का?" असं तो म्हणाला. माझ्या वर्गात मी हे इतक्या थोडक्यात कधी सांगू शकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी खरी जोडणी. इंजिनच्या अंगाला लोखंडी ब्रॅकेट बसवून त्यावर कॉम्प्रेसर आला. इंजिनच्या पुढच्या पुलीवरून त्याला पट्टा. हा पट्टा केसभर जरी तिरका चालला, तरी महिन्याभरात तुटतो, म्हणून ब्रॅकेटचं काम सगळ्यात नाजूक. कॉम्प्रेसर वायू दाबतो, दाबाने तो तापतो. तो गरम वायू रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या नळ्यांतून जातो, बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि त्याचं पाणी होतं. मग तो ओलावा टिपणाऱ्या बाटलीतून गाळून, एका बारीक तोंडाच्या झडपेतून डॅशबोर्डखालच्या कॉइलमध्ये सोडला जातो. दाब एकदम उतरतो, त्याची पुन्हा वाफ होते आणि वाफ होताना तो केबिनमधली उष्णता ओढून घेतो. म्हणजे शेवटी छागलीचंच तत्त्व. फरक एवढाच, की इथे पाणी उडून जात नाही, तोच वायू फिरत राहतो.

झेपण्याचा प्रश्न उरतोच. एसी इंजिनची तीन-चार अश्वशक्ती खातो. मोठ्या इंजिनला त्याचं काही वाटत नाही. साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या जुन्या डिझेल इंजिनला भरल्या मालासह चढावर ते जाणवतं. शिवाय कंडेन्सर रेडिएटरच्या तोंडावर बसतो, म्हणून रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. रेडिएटर गाळाने भरलेला असेल तर इंजिन उकळलंच समजा. म्हणून मिस्त्रीने रेडिएटर साफ करून घेतला, कंडेन्सरपुढे विजेचा पंखा लावला आणि पुतण्याला बजावलं, घाट लागला की एसी बंद करायचा. सगळं मिळून पस्तीस हजारांच्या आसपास खर्च आला. डिझेल थोडं जास्त लागतं. पण मे महिन्यात परभणीच्या बाजारातून परत आल्यावर पोरगा आता घरी येऊन आडवा होत नाही. जेवतो आणि शेतात जातो.

एक गोष्ट मात्र मी त्या गॅरेजमध्ये आवर्जून बोललो. जुन्या गाड्यांत फ्रेऑनचा जो प्रकार वापरत, त्याने पृथ्वीभोवतीचा ओझोनचा थर झिजतो, हे शास्त्रज्ञांनी १९७४ पासून सांगायला सुरुवात केली. १९८७ मध्ये माँट्रियल इथे जगाने करार केला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २००३ पासून नव्या यंत्रांत तो वायू वापरणं आपल्याकडे बंद झालं. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे-पंधराशे पट भारी आहे. तोही हळूहळू कमी करण्याचा २०१६ चा किगाली करार भारताने २०२१ मध्ये मान्य केला. म्हणून दुरुस्तीच्या वेळी नळी सैल करून 'फुस्स' असा आवाज काढणं बरं नव्हे. जुना वायू यंत्राने ओढून परत टाकीत घ्यावा. आपली केबिन थंड करताना उरलेल्या मुलखाचं ऊन वाढवणं, हा काही व्यवहार नाही.

कायद्याची रांग

आता सरकारही या रांगेकडे वळलं आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला. मंत्री नितीन गडकरी यांनी त्या आधी सांगितलं होतं, की ही कल्पना त्यांच्या मनात पूर्वीपासून होती, पण खर्च वाढेल म्हणून विरोध झाला. ज्या देशात चंदनाच्या खोडापासून आइस्क्रीमपर्यंत सगळं ट्रकने जातं, तिथे ड्रायव्हरच्या केबिनचा विचार व्हायला स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. तरीही हे पाऊल चांगलं आहे, यात शंका नाही.

पण नियम नीट वाचला, तर आपला पिकअप त्यात नाही. सक्ती आहे एन-२ आणि एन-३ या वर्गांना, म्हणजे मालासह एकूण वजन साडेतीन टनांच्या वर जाणाऱ्या गाड्यांना. साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्या एन-१ वर्गात मोडतात. खेड्यातले बहुतेक पिकअप आणि छोटे टेम्पो तिथे आहेत. काही कंपन्या आता पिकअपही एसीसह देतात, पण ती घेणाऱ्याची मर्जी. आणि रस्त्यावर आधीच धावणाऱ्या जुन्या गाड्यांना तर नवा नियम लागूच नाही. त्यांच्यासाठी कायदा नाही, मिस्त्री आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा आणि वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेवढीच काय ती मदत.

'एसीत ड्रायव्हरला झोप लागते,' हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. कारमध्ये बसलेल्या माणसाबद्दल हे कुणी का म्हणत नाही? झोप लागते ती अपुऱ्या विश्रांतीने. उष्णतेने तर माणूस लवकर थकतो, लक्ष उडतं, हात चुकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ च्या अहवालात अंदाज मांडला होता, की २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातले कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील. ही जवळपास ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतकी हानी. शेतात आणि बांधकामावर राबणारी माणसं त्यात सर्वांत पुढे असणार. पण ऊन डोक्यावर घेऊन गाडी चालवणाराही त्यांच्यातलाच.

खेड्यातला पिकअप तर नुसती मालगाडी नसते. ड्रायव्हर हाच बहुधा मालक असतो, मालक हाच शेतकरी असतो. सकाळी त्यात टोमॅटोच्या क्रेट जातात आणि रात्री त्यातच बाळंतीण गंगाखेडच्या दवाखान्यात नेली जाते. आजारी म्हातारी, तापाने फणफणलेलं लेकरू, नवरात्रात देवीला आलेली लेक, सगळी त्याच केबिनमध्ये बसतात. म्हणून पिकअपचा एसी हा ड्रायव्हरचा चोचला नाही. घरातल्या चार माणसांसाठी बंद होणारी ती एकच खोली चाकांवर असते.

आणि इथेच मला त्या रांगेतलं शेवटचं टोक दिसतं. कागद थंड झाला, मांस थंड झालं, पहिल्या वर्गाचा प्रवासी, कारमालक, बसमधला प्रवासी आणि आता ट्रकचा ड्रायव्हर. केबिनच्या मागच्या काचेतून पाहिलं तर हौद्यात माणसं दिसतात. खुरपणीला निघालेल्या बाया, दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड घेऊन निघालेले ऊसतोड मजूर, त्यांची लेकरं. मालाच्या गाडीतून अशी माणसं नेऊ नयेत असं कायदा सांगतो, पण दुसरी गाडी नसते म्हणून ती जातात. त्यांना एसी द्या, असं मी म्हणत नाही. डोक्यावर ताडपत्री, बसायला बाक, वाटेत सावलीला दहा मिनिटांचा थांबा आणि पिण्याचं गार पाणी, एवढं तर पिकअपवाला आजही देऊ शकतो. केबिन गार झाली, हे चांगलंच झालं. पण जो पुढे गार बसला आहे, त्याने निघण्यापूर्वी एकदा मागे वळून हौद्याकडे बघावं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)